नागपूरच्या गरमीत ऑफरोडिंगसाठी बॉडी आर्मर कसं निवडायचं (छाती, पाठ, खांदे, कोपर सगळं)

हेल्मेट आणि बूट याच्यावर सगळे बोलतात, पण मानेच्या खाली आणि कंबरेच्या वर काय घालायचं असा विषय निघाला की आपल्याकडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ इतक्या गरमीत कोण घालन ते". आणि म्हणणारा काही खोटं बोलत नाही. मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की सकाळी नऊलाच हँडल गरम लागतं, अशात जाड अ‍ॅडव्हेंचर जॅकेट घालून मुरमाच्या चढावर उभ्याने बाईक चालवली तर पडायच्या आधी चक्करच येईल. म्हणून मी इथे एकच गोष्ट धरून लिहितोय, की आपल्या भागात गिअर निवडताना आधी बघायचं ते अंगावर राहतं का. म्हणजे गरमीने काढून फेकावंसं वाटत नाही ना, आणि पडलो तर आपल्या जागेवरून सरकत नाही ना. लेव्हल (पॅड किती मार झेलतो त्याची श्रेणी), ब्रँड, रंग हे सगळं त्याच्यानंतर.

आधी हे समजून घ्या की ऑफरोडला माणूस पडतो कसा

डांबरी रोडवर ८० च्या स्पीडला पडलं की माणूस घसरत जातो, कातडी सोलून निघते, तिथे कापडाची ताकद कामाला येते. ऑफरोडला स्पीड असतो २०-३०, पुढचं चाक सुट्या गिट्टीत नाहीतर पावसात चिखल झालेल्या काळ्या मातीत निसटतं आणि माणूस धपकन बाजूला. घसरत जात नाही, आपटतो. आधी हात जमिनीला लागतो, मग कोपर, मग खांदा, आणि खाली नेमका एखादा गोटा असला तर सगळा मार तेवढ्याच जागी बसतो. दुसरा प्रकार म्हणजे चढावर बाईक मागे उलटते आणि आपण पाठीवर. तिसरा, हँडलचं टोक बरगडीत किंवा पोटात घुसतं, हा प्रकार लोक हिशोबात धरतच नाहीत. चौथा, पुढच्या बाईकच्या मागच्या चाकातून उडालेले दगड सरळ छातीवर. आणि आपल्याकडचं स्पेशल म्हणजे पांदणीच्या दोन्ही बाजूंनी आत आलेल्या बाभळी आणि बोरी, त्या हात सोलूनच काढतात.

म्हणजे गरज काय झाली तर कोपर आणि त्याच्याखालचा हात, खांदे, छाती, बरगड्या आणि पाठ इथे मार झेलणारं आर्मर पाहिजे, आणि त्याच्यावर काट्यांसाठी फुल बाहीचं काहीतरी. जाड घसरणरोधक कापडाची गरज ट्रेलवर कमी.

पण एक मेख आहे. आपल्याकडे ट्रेल घराला लागून नाही. रामटेक-मनसरकडे जा, काटोल-कोंढाळीकडे जा, उमरेडकडे जा नाहीतर हिंगण्यावरून झिल्पीकडे वळा, आधी हायवे नाहीतर बऱ्यापैकी फास्ट रोड लागतोच, आणि तिथे पडलात तर तुम्ही रोडवरच पडलात, तिथे ट्रेलचे नियम चालत नाहीत. म्हणून आपला सेटअप दोन्हीसाठी लागतो, ते कसं जमवायचं ते खाली येईल. (आणि जाता जाता, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला भागात जंगलातल्या दिसेल त्या वाटेला बाईक घालू नका, परवानगीशिवाय आत गेलात तर गुन्हा दाखल होतो, तिथे आर्मर काही वाचवत नाही.)

स्टेप १: तुम्ही कोणत्या प्रकारचे रायडर आहात ते प्रामाणिकपणे ठरवा

इथे लोक स्वतःला फसवतात. व्हिडिओ बघून मोटोक्रॉसची छाती-प्लेट घेतात आणि चालवतात काय तर रविवारी सकाळी तलावापर्यंतची कच्ची सडक. ढोबळ तीन प्रकार करा. एक, कच्चे रस्ते, पांदण, मुरूम, बाईक एक्सपल्स किंवा हिमालयन, बहुतेक वेळ बसून आणि मधून मधून उभं राहून. दोन, नाल्यातले गोटे, उभे चढ, चिखल, म्हणजे मुद्दाम अवघड शोधून जाणारे, स्पीड कमी पण पडणं भरपूर. तीन, ट्रॅकवर किंवा मातीच्या सर्किटवर जंप वगैरे मारणारे, स्पीड जास्त आणि आजूबाजूला अजून बाईक.

पहिल्या दोन प्रकारांना माझ्या मते बॉडी आर्मर शर्टच बरोबर बसतो. तिसऱ्याला कडक छाती-प्लेट लागते आणि नेक ब्रेसचा (मान वाचवायला गळ्याभोवती घालतात तो) विचार पण करावा लागतो. आणि जे महिन्यातून एकदा ट्रेलवर, बाकी दिवस ऑफिस आणि हायवे, त्यांना चांगलं मेश (जाळीदार) जॅकेट आणि आत चांगले पॅड, एवढं पुरतं.

स्टेप २: बाजारात काय काय मिळतं

रूस्ट गार्ड. म्हणजे छाती आणि पाठीवर घालायची कडक प्लास्टिकची प्लेट, बाजूला पट्टे. दिसायला एकदम भारी, हवा खेळती, जर्सीच्या वर पण घालता येते. पण तिचं मूळ काम उडणारे दगड अडवणं, युरोपात तिच्यासाठी वेगळं स्टँडर्ड आहे, ईएन १४०२१. दगड अडवणं आणि आपटल्याचा मार झेलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त १४०२१ लिहिलेली प्लेट घालून पाठीवर पडलात तर ती मार पसरवेल थोडाफार, शोषेल कमी. आता काही कंपन्या दगडांचं आणि आपटण्याच्या माराचं अशी दोन्ही स्टँडर्ड पास करणाऱ्या प्लेट काढतात, त्या घ्यायला हरकत नाही.

बॉडी आर्मर शर्ट, काही लोक प्रेशर सूट पण म्हणतात. जाळीचा टाईट शर्ट, त्यातच खांदे, कोपर, छाती, पाठ असे पॅड बसवलेले, कंबरेला रुंद इलॅस्टिकचा पट्टा. त्याच्यावर ढगळ जर्सी घालायची. नागपूरसाठी मला हाच प्रकार सगळ्यात पटतो, कारण जाळीतून हवा थेट घामापर्यंत जाते आणि शर्ट अंगाला चिकटून असल्यामुळे पॅड जागेवर राहतात. तोटा असा की घसरलं तर जाळी फाटते, तिला घर्षणात काही दम नसतो. युरोपच्या ईएन १७०९२ या कपड्यांच्या स्टँडर्डमध्ये एएए, एए, ए, बी, सी असे वर्ग आहेत, त्यातला सी वर्ग म्हणजे फक्त पॅड धरून ठेवणारा कपडा, कापड घसरण झेलेल असा त्याचा दावाच नसतो. असे बरेच शर्ट याच वर्गातले.

मेश रायडिंग जॅकेट. यात ए किंवा एए वर्गाचं कापड मिळतं, हायवेला उत्तम. ट्रेलवर अडचण अशी की जॅकेट ढगळ असतं, पडल्यावर बाही फिरते आणि कोपराचं पॅड कोपरावर न राहता आतल्या बाजूला जातं. शिवाय बऱ्याच जॅकेटमध्ये छातीचं पॅड येतच नाही आणि पाठीच्या खिशात साध्या फोमचा तुकडा कोंबलेला असतो, तो बाहेर काढून हाताने दाबून बघा, सोफ्याच्या उशीसारखा दबला तर तो प्रोटेक्टर नाही, जागा भरायला ठेवलेला फोम आहे.

वेस्ट आणि सुटे कोपर गार्ड. बिन बाहीचं छाती-पाठ असलेलं वेस्ट आणि कोपराला वेगळे गार्ड. उन्हाळ्यात याच्याइतकं हलकं काही नाही, पण बहुतेक वेस्टमध्ये खांदा उघडा राहतो, आणि कमी स्पीडला बाजूला पडणाऱ्याचा खांदाच पहिला लागतो. म्हणून मी नवीन माणसाला हे घे म्हणणार नाही.

एअरबॅग. म्हणजे पडताना फुगणारं वेस्ट किंवा जॅकेट. ट्रेलसाठी घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा, ऑफरोडसाठी वेगळं प्रोग्रॅमिंग आहे का. रोडसाठी बनवलेली एअरबॅग ट्रेलवरच्या धक्क्यांना किंवा साध्या पडण्याला फुगू शकते, आणि दोरीवाली (जिची दोरी बाईकला अडकवलेली असते) असेल तर दोरी न काढता घाईत उतरलात की ती फुगलीच. एअरबॅगचं स्टँडर्ड ईएन १६२१-४. पैसे भरपूर असतील तर बघा, पहिला गिअर म्हणून नको.

स्टेप ३: लेबल वाचायला शिका, बाकी सगळं जाहिरात आहे

ही स्टेप थोडी किचकट आहे पण इथेच पैसे वाचतात. ऑनलाईन दोन-अडीच हजारात मिळणाऱ्या कडक कासव-छाप जॅकेटवर मोठ्या अक्षरात "सीई" (युरोपचे नियम पाळल्याची खूण) लिहिलेलं असतं. नुसत्या सीई अक्षरांना काही अर्थ नाही. खऱ्या पॅडवर छापलेलं किंवा कोरलेलं असतं ते असं: बाईकवाल्याचं छोटं चित्र, स्टँडर्डचा नंबर आणि वर्ष, शरीराचा भाग सांगणारं अक्षर, टाईप आणि लेव्हल. यातला नंबर नसेल तर पुढे बघायचं पण नाही.

ईएन १६२१-१ हे हातापायाच्या पॅडसाठी. खांद्याला एस, कोपराला ई. ईएन १६२१-२ पाठीसाठी, तिथे एफबी म्हणजे पूर्ण पाठ, सीबी म्हणजे मधली पाठ, एलबी म्हणजे कंबर. ईएन १६२१-३ छातीसाठी. टाईप ए म्हणजे कमी जागा झाकणारं, टाईप बी म्हणजे जास्त. ऑफरोडला मी टाईप बी च सुचवतो, कोपरासाठी तर नक्कीच, कारण आपण कोपराच्या टोकावर पडतो असं नाही, त्याच्याखालच्या हाडावर पण पडतो.

आता लेव्हल. टेस्टमध्ये ५ किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून पॅडवर टाकतात, ५० ज्यूलचा मार, आणि पॅडच्या खाली किती जोर पोचला ते मोजतात. कोपर-खांद्याला लेव्हल १ म्हणजे सरासरी ३५ किलोन्यूटन किंवा कमी, लेव्हल २ म्हणजे २० किंवा कमी. पाठीला लेव्हल १ म्हणजे १८ किंवा कमी, लेव्हल २ म्हणजे ९ किंवा कमी. आकडे पुन्हा एकदा बघा. पाठीचं लेव्हल १ हे कोपराच्या लेव्हल २ पेक्षा कडक आहे, म्हणून "सगळं लेव्हल २ पाहिजे" असा हट्ट धरणाऱ्याला आधी विचारा, कुठलं लेव्हल २. माझा हिशोब असा, पाठीला शक्यतो लेव्हल २, खांदे-कोपराला लेव्हल २ मिळालं तर छान पण जाड होऊन हात वाकत नसेल तर लेव्हल १ टाईप बी घ्या आणि शांत झोपा. लेव्हल २ घेतलं आणि टोचतं म्हणून घरी ठेवलं तर त्याची लेव्हल शून्य.

आणि आता नागपूरकरासाठी सगळ्यात महत्त्वाचं अक्षर, जे बहुतेक लोक बघतच नाहीत. टी प्लस. मऊ पॅड, म्हणजे डी३ओ, सास-टेक या जातीचे, एरवी लवचिक असतात आणि मार बसला की त्या क्षणी कडक होतात. हे मटेरियल तापमानाप्रमाणे बदलतं, गरमीत अजून मऊ पडतं, थंडीत कडक होतं. नेहमीची टेस्ट खोलीच्या तापमानाला होते. टी प्लस लिहिलं असेल तर तीच टेस्ट ४० डिग्रीला पण पास केलेली असते, टी मायनस म्हणजे उणे १० डिग्रीला. आता तुम्हीच सांगा, एप्रिल-मे मध्ये आपल्याला कुठलं लागेल. टी मायनस स्पीतीला जाणाऱ्यांनी बघावं, आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पण त्याची गरज पडत नाही. दोन पॅड सारख्या लेव्हलचे असतील आणि एकावर टी प्लस असेल तर थोडे पैसे जास्त द्या पण तोच घ्या.

छातीबद्दल एक गोष्ट. समोरून चेन असलेल्या शर्टमध्ये छातीचं पॅड दोन तुकड्यांत येतं, डावं आणि उजवं, आणि बरोबर मधे चेनच्या खाली फट राहते. अखंड पॅड जास्त चांगला पण तो डोक्यातून घालायच्या शर्टमध्ये किंवा बाजूने उघडणाऱ्यात मिळतो, आणि घामाने भिजलेला टाईट शर्ट डोक्यातून काढणं म्हणजे दोन माणसांचं काम. अवघड ट्रेलवाल्यांनी तरी अखंड बघावा. बायकांसाठी मात्र सपाट अखंड प्लेट बहुतेक वेळा बसतच नाही, वर टेकते आणि खाली पोकळी राहते, तिथे लेडीज कट किंवा दोन तुकड्यांचं पॅड हेच बरोबर, पुरुषांच्या स्मॉल साईजवर भागवू नका.

स्टेप ४: माप घ्या, आणि माप म्हणजे टी-शर्टची साईज नाही

शिंप्याची टेप घ्या. छातीचा घेर, पोटाचा घेर (श्वास ओढून धरू नका, कोणी बघत नाहीये), दंडाचा घेर, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मान आणि खांदा मिळतात तिथून पाठीवरून कंबरेच्या पट्ट्यापर्यंतची लांबी. पाठीचा प्रोटेक्टर बऱ्याच कंपन्या याच लांबीवर देतात. उंची सारखी असलेल्या दोघांची ही लांबी वेगळी असते, एकाचे पाय लांब एकाचं धड लांब. प्रोटेक्टर लांब झाला तर बसल्यावर सीटला टेकून वर सरकतो आणि हेल्मेटला खालून ढकलतो, आखूड झाला तर कंबर उघडी.

दोन साईजच्या मधे अडकलात तर आर्मर शर्टमध्ये लहान साईजकडे झुका. शर्ट पहिल्यांदा घालताना थोडा त्रास व्हायलाच पाहिजे, सहज गेला म्हणजे ढिला आहे. पण खोल श्वास घेता आला पाहिजे आणि काखेत कापायला नको.

स्टेप ५: घालून बघण्याची टेस्ट, घाई करायची नाही

दुकानात असाल तर दुकानदार कंटाळेपर्यंत बघा, ऑनलाईन मागवलं असेल तर टॅग न काढता घरी बघा आणि रिटर्नची तारीख आधी वाचून ठेवा. आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. बाईक मेन स्टँडवर लावा, मेन स्टँड नसेल तर कोणाला तरी धरायला सांगा, हेल्मेट घाला आणि फूटपेगवर उभं राहा, गुडघे थोडे वाकलेले, कोपर बाहेर, अंग पुढे.

आता कोपराचा पॅड दुसऱ्या हाताने पकडा आणि फिरवायचा प्रयत्न करा. ही सगळ्यात महत्त्वाची टेस्ट आहे. पॅड कोपरावरून सरकून बाजूला गेला तर पडताना पण जाणार, कारण जमीन तुमच्या हातापेक्षा जोरात ओढते. चांगल्या शर्टला कोपराच्या वर आणि खाली असे दोन पट्टे असतात, काहींना मनगटाशी अंगठा अडकवायची पट्टी असते, तिच्यामुळे बाही वर चढत नाही. खांद्याची पण तीच परीक्षा. पॅडचा मधला भाग खांद्याच्या टोकावर आला पाहिजे, गळ्याकडे किंवा दंडाकडे नाही.

मग हात वर करा, पूर्ण वर. शर्ट वर चढून कंबर उघडी पडली तर पट्टा काम करत नाहीये. पट्टा कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही.

मग मान वर करा, उभ्या चढावर वर बघतो तशी. हेल्मेटची मागची कड पाठीच्या प्रोटेक्टरला आपटते का. मग खाली बघा, हनुवटीचा भाग छातीच्या प्लेटला लागतो का. यातलं काही अडलं तर तो कॉम्बो तुमच्यासाठी नाही, वेगवेगळे पीस कितीही भारी असले तरी. शेवटी दहा-पंधरा मिनिटं ते घालून घरात फिरा, पंखा बंद करून. कुठे टोचतं ते तेव्हाच कळतं, आणि जे घरात टोचतं ते ट्रेलवर तासाभरात जखम करतं.

स्टेप ६: गरमीचं गणित

अंग थंड राहतं ते घाम वाळल्यामुळे, आणि घाम वाळायला हवा लागते. म्हणून पॅडला भोकं आहेत का, पॅड आणि अंग यांच्यामध्ये जाळी आहे का, पाठीच्या प्रोटेक्टरला उभ्या खाचा आहेत का हे बघा. कडक प्लेट थोडी अंगापासून दूर राहते त्यामुळे तिच्याखाली हवा जाते, मऊ फोम चिकटून बसतो आणि तेवढी जागा ओली राहते. आराम मऊ पॅडचा, हवा कडक प्लेटची. आपल्या गरमीत भोकं असलेला मऊ पॅड हा मधला मार्ग.

थर असे ठेवा. सगळ्यात आत पातळ, घाम ओढणारा फुल बाहीचा टी-शर्ट, सुती बनियन नाही, सुती भिजलं की भिजलेलंच राहतं आणि पॅडखाली कातडी सोलतं. त्याच्यावर आर्मर शर्ट. त्याच्यावर ढगळ फिक्या रंगाची जर्सी. काळी जर्सी फोटोत छान दिसते, उन्हात पॅडला भाजून काढते. आणि हायवेसाठी याच्यावर मेश जॅकेट, पण जॅकेटमधले स्वतःचे पॅड काढून टाकलेले, कारण पॅडवर पॅड बसत नाही, हात रोबोटसारखे होतात. जॅकेट घ्यायला जाल तेव्हा आर्मर शर्ट घालूनच जा. ट्रेल सुरू झाला की जॅकेट काढून मागे सीटला बांधायचं, परतताना पुन्हा घालायचं. थोडं झंझट आहे पण एकाच जॅकेटमध्ये दोन्ही कामं करायला गेलं तर दोन्ही अर्धवट होतात.

पाण्याची बॅग पाठीवर घेणार असाल तर साईज बघतानाच ती लावून बघा, दोन लिटरची भरलेली बॅग शर्ट मागे ओढते. त्या बॅगेत पाना, टायर लिव्हर, पंप असलं कडक सामान ठेवायचं नाही, पाठीवर पडलात तर तेच मणक्यावर दाबलं जातं, भलेही मधे प्रोटेक्टर असो. टूल बाईकला बांधा. आणि एप्रिल-मे मध्ये राईड पहाटेची, नऊ-साडेनऊला सावलीत ताकाचा ग्लास हातात पाहिजे. घाम यायचा बंद झाला, डोकं दुखतंय, बोलणं असंबद्ध होतंय असं कोणाचं दिसलं तर सगळं आर्मर काढा, सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता आणि सरळ दवाखाना गाठा, तिथे "थोडं थांबून जाऊ" चालत नाही.

स्टेप ७: मान आणि गळपट्टीचं हाड

नेक ब्रेस हा वादाचा विषय आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉ. ख्रिस लिअॅट यांच्या ब्रेसमुळे हा प्रकार जगभर पोचला. काम असं की पडल्यावर डोकं मर्यादेबाहेर मागे, पुढे जाऊ द्यायचं नाही आणि हेल्मेटवर आलेला जोर मानेऐवजी खांदे-छाती-पाठीवर द्यायचा. जंप मारणाऱ्यांनी आणि स्पीडवाल्यांनी घ्यावा असं माझं मत. पांदणीवर ३० ने जाणाऱ्याने आधी छाती-पाठ-कोपर पूर्ण करावं. घेणार असाल तर ब्रेस आणि आर्मर एकत्रच घालून घ्या, ब्रेस छातीच्या पॅडवर डुगडुगत बसला तर उपयोग नाही, काही शर्टमध्ये त्याच्यासाठी पाठीच्या पॅडचा वरचा तुकडा काढता येतो.

खांद्याच्या पॅडकडून एक अपेक्षा ठेवू नका. हात टेकून पडल्यावर किंवा खांद्यावर बाजूने पडल्यावर गळपट्टीचं हाड मोडतं ते बऱ्याचदा जोर हाडातून पुढे गेल्यामुळे, वरून मार बसल्यामुळे नाही, आणि हे कुठलंच पॅड पूर्ण थांबवू शकत नाही. खांद्याला लागणारा दगड, सोलणं, थेट मार हे थांबतं. तिथे उपाय म्हणजे पडताना हात ताठ न टेकायची सवय, ती गवतावर शिकता येते.

हातमोज्यांवर वेगळं लिहावं लागेल, सध्या एवढंच की आर्मरची बाही आणि मोजा यांच्यामध्ये कातडी उघडी राहायला नको, बाभूळ नेमकी तिथेच शोधते.

पैसे कुठे टाकायचे

देशी ब्रँडमध्ये, रायनॉक्स, व्हियाटेरा वगैरे, आता चांगला ऑफरोड आणि अ‍ॅडव्हेंचर गिअर मिळतो, आणि लिअॅट, अल्पाइनस्टार्स, फॉक्स सारख्या बाहेरच्या ब्रँडला सहज दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात. नाव बघून पैसे देऊ नका, पॅडवरचा नंबर बघून द्या. बजेट कमी असेल तर माझा क्रम असा, आधी खांदे-कोपर-छाती-पाठ असलेला एकच चांगला शर्ट. त्यातला पाठीचा पॅड लेव्हल १ असेल आणि खिसा मोठा असेल तर पुढच्या सीझनला फक्त तो बदलून लेव्हल २ टाका. मग हायवेचं मेश जॅकेट. ब्रेस, एअरबॅग सगळ्यात शेवटी. सेकंडहँड आर्मर शक्यतो नको, आतला फोम किती मार खाऊन आलाय ते बाहेरून दिसत नाही.

घेतल्यावर

पावसाळ्यात काळी माती जाळीत वाळली की सिमेंट होते, त्याच दिवशी पाण्याने धुवून टाका. धुण्याआधी सगळे पॅड काढा, कुठला कुठून काढला त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, डावा-उजवा वेगळा असतो. शर्ट हाताने, गार पाण्यात, सौम्य साबणाने. पॅड फक्त ओल्या फडक्याने पुसायचे, मशीनमध्ये नाही. वाळवायचं सावलीत, पंख्याखाली. आपल्याकडे घरोघरी सगळं गच्चीवर टाकायची सवय आहे, पण मेच्या उन्हात फोम आणि इलॅस्टिक दोन्ही लवकर मरतात. बंद कारच्या डिकीत पण ठेवून देऊ नका.

मोठं पडणं झालं की त्या दिवशी संध्याकाळी पॅड काढून बघा. कडक प्लेटला तडा, पांढरी रेघ, फोममध्ये दाबलेला खड्डा जो दुसऱ्या दिवशी पण भरला नाही, यातलं काही दिसलं तर तो पॅड गेला. काही पॅड एकाच मोठ्या माराचे असतात, चुरडले की संपले, काही परत मूळ आकारात येतात, तुमचा कोणता आहे ते सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, किती वर्षांनी बदलायचा ते पण तिथेच. पुस्तिका डब्याबरोबर फेकली जाते म्हणून तिचा, लेबलचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, आणि घेतानाच दुकानदाराला विचारून घ्या की या शर्टचे सुटे पॅड मिळतात का. कोपराचे पॅड सगळ्यात आधी जातात, आणि ते सुटे मिळत नसतील तर दोन पॅडसाठी पूर्ण शर्ट नवीन घ्यावा लागतो.